हवेतलं अतिक्रमण

आप्पा मगदूम रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, तरी ते घरातून बाहेर पडले की आमच्या कोपऱ्यावरचा चहाचा गाडा आपोआप मागं सरकायचा. गाडेवाल्याला त्यासाठी वेगळा विचार करावा लागत नसे. एका हातानं चहा गाळता गाळता तो दुसऱ्या हातानं गाडा ढकलायचा आणि गाड्याला टेकून चहा पिणारी गिऱ्हाइकंही कप न सांडता गाड्याबरोबर मागं यायची. पुढची नारळवाली आपली पाटी जवळ ओढायची. तिच्या पुढचा चपला शिवणारा छत्री मिटायचा, मग ऊन असो नाहीतर पाऊस. आप्पा नाकासमोर बघत रस्त्याच्या मधोमध चालत जायचे. ते वळणाआड झाले की गाडा, पाटी, छत्री सगळं पुन्हा आपापल्या जागी यायचं.

आप्पांची सगळी नोकरी पालिकेच्या अतिक्रमण विभागात गेली. रस्त्यावर पुढं आलेलं जे काही असेल ते मागं सारायचं हे त्यांचं काम. गाडे, टपऱ्या, ओटे, पत्र्याची छपरं. माणूस अतिशय सरळ. कुणाचा पेरू फुकट खाल्ला नाही आणि कुणाची वीट पुढं येऊ दिली नाही. पेरू खाणाऱ्या साहेबाला निदान पेरूवाला तरी रामराम घालतो, आप्पांना तोही कधी कुणी घातला नाही. रिटायर झाले तेव्हा ऑफिसनं शाल दिली, नारळ दिला, आणि त्यांच्याकडची मोजायची टेप परत मागायला विसरलं. ती टेप कायम त्यांच्या पायजम्याच्या खिशात असायची. बोलता बोलता ते ती चार बोटं बाहेर काढायचे आणि सोडून द्यायचे. समोरच्याच्या छातीत उगाच धस्स व्हायचं.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, “हे तात्पुरतं हाय का कायमचं?” नोकरीत त्याला अर्थ होता. तात्पुरतं असलं तर तोंडी समज, कायमचं असलं तर नोटीस. रिटायर झाल्यावर हा प्रश्न मोकाट सुटला. मी दाढी वाढवली तेव्हा आप्पांनी कंपाउंडच्या भिंतीवरून तो मला विचारला. गल्लीतल्या एका लग्नात ते आशीर्वाद द्यायला स्टेजवर गेले आणि मांडवाचा रस्त्यात आलेला खांब त्यांच्या डोळ्यांत भरला. नवऱ्याच्या हातात हात देत, नजर खांबावर ठेवून त्यांनी विचारलं, “हे तात्पुरतंच हाय न्हवं?” नवरीच्या बापाचा चेहरा असा उतरला की त्याला बाजूला नेऊन पाणी पाजावं लागलं.

स्वतःलाही त्यांनी सोडलं नाही. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या घराची पायरी मोजली. ती चार बोटं रस्त्यात निघाली. संध्याकाळपर्यंत आप्पांनी स्वतः घण घालून ती फोडली. तेव्हापासून त्यांच्या घरात उडी मारून जावं लागतं. इंदूकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, पाहुणा आला की दारात बादली पालथी घालतात आणि तो आत आला की बादली उचलून घेतात. बादली तात्पुरती असल्यामुळं चालते.

काकूंचं दुःख वेगळंच होतं. मगदूमांची बायको म्हटल्यावर मंडईत कुणी भाव करायचा नाही. काकू म्हणतील त्या दरात, वर मूठभर जास्त घालून भाजी द्यायचे आणि तोंड फिरवायचे. “घासाघीस न करता भाजी घ्यायची म्हंजे काय ती भाजी व्हय?” असं म्हणून काकू पिशवी घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बाजाराला जायच्या. तिथं कुणी त्यांना ओळखत नसे. एका गवारीवाल्या बाईशी तिथं त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, तर दोन दिवस त्या खुशीत होत्या.

त्यांनी एकदा सांगितलेली गोष्ट मला विसरता येत नाही. लग्न नवीन होतं. काकूंना रंकाळा तळ्यावर भेळ खायची हौस आली. आप्पा व्हय व्हय म्हणाले, धुतलेला सदरा घातला, दोघं निघाली. तिन्हीसांजेला रंकाळ्याच्या काठानं भेळेच्या गाड्यांची ओळ लागलेली, प्रत्येक गाड्यावर गॅसबत्ती. ही दोघं लांबून दिसली मात्र, पहिली बत्ती विझली. मग दुसरी. मग सगळ्याच. जवळ पोचेपर्यंत काठावर एक गाडा उरला नव्हता. “मी नवीन लुगडं नेसून अंधारात उभी,” काकू म्हणाल्या, “आणि हे म्हणत्यात, रस्ता कसा मोकळा झाला बघ.” घरी येऊन दोघांनी पोहे खाल्ले. पुन्हा काकूंनी भेळेचं नाव काढलं नाही.

असे हे आप्पा एका रविवारी टेप घेऊन माझ्या दारात उभे राहिले. त्या वर्षी कळंब्याच्या रस्त्याला आमच्या कॉलनीत ब्रॉडबँड आलं होतं आणि गल्लीतलं पहिलं कनेक्शन माझं होतं. मी कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. घरात सांगताना कामासाठी घेतलं म्हणून सांगितलं होतं. वायर टाकणाऱ्यानं ती सरळ आप्पांच्या भिंतीवरून आणली होती.

“सतीशराव,” आप्पा म्हणाले, “वायर तुमची. भिंतीवरची हवा कुणाची?”

मी म्हटलं, काढायला लावतो, आधी आत या, चहा घ्या. आप्पा आत आले आणि त्यांची नजर कॉम्प्युटरवर गेली. पडद्यावर एक गाव होतं. जगभरातली माणसं इंटरनेटवरून त्या गावात येत. प्रत्येकाचं एक बाहुलं असे. आपण कळ दाबली की ते चालायचं, आपण टाईप केलं की ते बोलायचं. त्या गावात जागा घेता यायची, घर बांधता यायचं, दुकान काढता यायचं. हे सगळं मी आप्पांना सांगितलं.

“नकाशा मंजूर कोण करतंय?” आप्पांनी विचारलं.

कुणी नाही, असं मी म्हणालो. परवानगी लागत नाही, ज्याला जे वाटेल ते तो बांधतो. आप्पा खुर्चीत बसले. पडद्यावर राजवाड्याला चिकटून पेट्रोल पंप होता, पंपाच्या छपरावर देऊळ होतं, आणि या सगळ्याच्या वर एक बंगला नुसता हवेत तरंगत होता. खाली खांब नाही, काही नाही. चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी आप्पांनी कप उचलला नाही.

“येवढं मोठं गाव,” ते शेवटी म्हणाले, “आणि आपल्या खात्याचा एक माणूस न्हाय?”

वायरीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. ती आजही त्यांच्या भिंतीवरून जाते. महिन्याभरात आप्पांच्या घरी कॉम्प्युटर आला. काकूंनी विरोध केला नाही, कारण नवरा घरात बसला तर मंडईचा जीव भांड्यात पडेल असा त्यांचा हिशेब होता. आप्पांनी त्या गावात तळ्याकाठची एक छोटी जागा पसंत केली. “रंकाळ्यागत दिसतंय,” एवढंच म्हणाले.

पहिलं बाहुलं आयतं मिळतं. पिळदार दंडाचा, सोनेरी केसांचा उघडा जवान पडद्यावर उभा राहिला. “ह्यो कोण?” आप्पांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही. त्यानंतरचे आठ दिवस त्या जवानाचं वय वाढवण्यात गेले. केस काढले, चष्मा चढवला, पांढरी टोपी घातली. पोटाला काकूंची मंजुरी घेतली. त्या मागं सरकून बघत म्हणाल्या, “अजून वाईच.” मग घर. आप्पांनी मॉनिटरच्या काचेला खरी टेप लावून नियमाप्रमाणं चारी बाजूंना मोकळी जागा सोडली. मधे जे उरलं त्यात त्यांचं बाहुलं उभं राहिलं तर मावायचं, बसलं तर गुडघे दाराबाहेर यायचे. त्या अख्ख्या गावातलं नियमात बसलेलं ते एकच घर होतं आणि आप्पांना त्याचा अभिमान होता.

मग शेजारी आला. नाव मार्टिन, राहणार कॅनडा. त्याच्या बाहुल्याला अस्वलाचं तोंड होतं आणि अंगात कोट होता. त्यानं आप्पांच्या शेजारच्या जागेत टोप्यांचं दुकान काढलं. त्या गावातल्या बाहुल्यांना घालायच्या टोप्या. दिवे लावले, गाणी लावली, दाराबाहेर टोप्यांची मांडणी केली, आणि छपरावर घराएवढी एक लाल टोपी बसवली. ती गरगर फिरायची. फिरताना तिची कड आप्पांच्या हद्दीवरून जायची आणि तेवढा वेळ तळं झाकलं जायचं.

आप्पांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी टोपीचा सगळा अभ्यास केला होता. “ही वळली की हद्दीत येती, पुढं गेली की भायेर जाती,” ते म्हणाले, “हवेतलं अतिक्रमण हाय हे. पण तात्पुरतं धरायचं का कायमचं?” जन्मभर लोकांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना स्वतःलाच देता येत नव्हतं. पुस्तकात अशा टोपीला कलम नव्हतं.

तरी नोटीस निघाली. आप्पा सरकारी मराठीत सांगायचे, मी ती इंग्रजीत करून पाठवायचो. आपणांस कळविण्यात येते की आपली टोपी विनापरवाना फिरत असून ती सात दिवसांत काढून घ्यावी, अन्यथा आपल्या जबाबदारीवर काढण्यात येईल. खाली आप्पांनी एक गोल शिक्काही काढायला लावला. मार्टिनचं उत्तर आलं. इतकं सुंदर पत्र आपल्याला कुणी लिहिलं नव्हतं, गोल नक्षी तर फारच आवडली, आभारी आहे. दुसऱ्या दिवशी ती नोटीस त्याच्या दुकानात सोनेरी चौकटीत लागली होती. आप्पांनी दुसरी पाठवली, तिसरी पाठवली. तिन्ही ओळीनं लागल्या. टोप्यांपेक्षा त्या बघायला जास्त गर्दी होऊ लागली.

“नोटीस फाडणारं बघितलं,” आप्पा म्हणाले, “दाराआडनं घरात न्हाय म्हणून सांगणारं बघितलं. फ्रेम करणारा ह्यो पयलाच.” चिडून बोलत होते, पण तिसऱ्या नोटिशीची चौकट जरा तिरकी लागली आहे, ती नीट करायला सांगा, असंही त्यांनी मला जाता जाता सुचवलं.

आणि एका रविवारी आप्पांनी जे केलं त्यावर माझा विश्वास बसेना. त्यांच्या नोकरीत त्यांना फक्त एका गोष्टीनं हरवलं होतं. टपरी उठणार असा वास लागला की टपरीवाला एका रात्रीत तिथं गोल दगड आणायचा, शेंदूर फासायचा, दोन चांदीचे डोळे चिकटवायचा. झाला म्हसोबा. सकाळी आप्पांची माणसं येऊन बघायची, चपला काढायची, नमस्कार करायची आणि परत जायची. अशा कितीतरी म्हसोबांच्या नावानं आप्पांनी बोटं मोडली होती. तोच शेंदरी दगड, तेच दोन डोळे, आता पडद्यावर बरोबर मार्टिनच्या हद्दीवर बसलेले मला दिसले.

मी आप्पांकडं बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. “आता फिरवून दाखव म्हणावं टोपी,” ते कॅलेंडरला म्हणाले.

मार्टिनचं अस्वल आलं, दगडाभोवती दोनदा फिरलं, आणि हे काय म्हणून त्यानं विचारलं. मी लिहिलं, हा हद्दीचा राखणदार, याच्यावरून काही गेलेलं याला चालत नाही. मार्टिननं त्याच दिवशी आपली टोपी कापून लहान केली. ती हद्दीच्या आत फिरू लागली. म्हसोबापुढं त्यानं दिवा लावला. इथपर्यंत ठीक होतं. मग त्यानं आपल्या दुकानातली सगळ्यात छोटी टोपी आणून म्हसोबाच्या डोक्यावर ठेवली. आप्पा संतापले. काकूंनी मात्र मॉनिटरला हात जोडले आणि म्हणाल्या, “असू द्या. शोभती त्याला.”

यानंतर आप्पांचा एक नेम सुरू झाला. सकाळी आंघोळ झाली की ते “साईटवर” जायचे, म्हणजे कॉम्प्युटर लावायचे. तिकडं त्या वेळी रात्र, मार्टिनचं जेवण झालेलं असायचं. आप्पांचं बाहुलं दिसलं की अस्वल दुकानातून बाहेर यायचं आणि हात हलवायचं. आप्पा एका बोटानं दोन अक्षरं टाईप करायचे, ओके. तेवढंच इंग्रजी त्यांना लिहावंसं वाटे. मग टोपीवाला आणि टोपीविक्या तळ्याकाठी गपचूप उभे राहायचे. गिऱ्हाईक आलं तरी अस्वल लगेच आत जायचं नाही. हे मला काकूंकडून कळलं. त्या म्हणाल्या, हल्ली हे सकाळी दाढी करून बसत्यात.

काही महिन्यांनी त्या गावाच्या मालकांनाच शिस्तीची उबळ आली. तळ्याकाठचा भाग रहिवासी झोन करायचा, दुकानं सगळी पलीकडं न्यायची, असं त्यांनी ठरवलं. चालू दुकान ठेवायचं असेल तर लगतच्या शेजाऱ्याची ना-हरकत लागेल, ती नसेल तर दुकान पुसलं जाईल. मार्टिनच्या दुकानाला लगतचा शेजारी एकच होता.

मार्टिननं मला वेगळं पत्र लिहिलं. त्याच्या वडिलांचं टोप्यांचं खरं दुकान होतं. टोप्या घालणारी माणसं संपली आणि ते बंद पडलं. हे दुकान त्यानं त्याच मांडणीनं लावलं होतं. हेही उठलं तर पुन्हा कुठं मांडायची आपल्यात ताकद नाही, असं त्यानं लिहिलं होतं. मी ते आप्पांना वाचून दाखवलं. ते हूं म्हणाले आणि टेप बाहेर काढून सोडत राहिले.

उत्तर द्यायच्या दिवशी मी त्यांच्याकडं गेलो. बादलीवरून आत शिरलो, कॉम्प्युटरसमोर बसलो. मला वाटत होतं, आप्पांच्या आयुष्यातला हा सोन्याचा दिवस. झोन, आराखडा, हरकती, सगळं त्यांच्या मनासारखं, आणि शेवटचा शब्द त्यांचा. मी विचारलं, सक्त हरकत आहे असं लिहू का?

आप्पांची टेप खिशातच होती. ते म्हणाले, “परवा साईटवर गेलतो.”

मी कीबोर्डवरचा हात काढला.

“त्यानं मला बघितलं. हात न्हाय केला. भायेरची मांडणी उचलली आणि आत घ्यायला लागला. एकेक टोपी. मला बघून.”

आतल्या खोलीत काकूंचा भांड्यांचा आवाज थांबला.

“जलमभर हेच बघितलं की, सतीशराव. मी आलो की गाडं आत जायचं. बरोबरच होतं ते, नोकरी होती. मला बघून दुकानातनं भायेर येणारा ह्यो एकच माणूस भेटला. आता तिथंबी तेच.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. ते रडत नव्हते, पण मला त्यांच्याकडं बघवेना. “लिवा. हरकत न्हाय.”

मी लिहिलं. ते वाकून बघत होते. पाठवायच्या आधी त्यांनी माझा हात धरला. “पुढं लिवा. हरकत न्हाय ती तात्पुरती न्हवं. कायमची.”

दुकान राहिलं. मार्टिनचा आनंद त्याच्या पत्रात मावत नव्हता. तुमच्यासाठी मी काय बांधून देऊ, असं त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि माझ्याकडून त्याला एक गोष्ट नीट समजावून लिहवून घेतली. चाकं किती, काच कुठं, चुरमुऱ्यांचा ढीग केवढा, कांदा कुठल्या डब्यात. मार्टिननं असलं काही जन्मात बघितलं नव्हतं, त्याला तीनदा दुरुस्त्या कराव्या लागल्या.

रविवारी सकाळी काकूंनी मला हाक मारली. गेलो तर दोघं कॉम्प्युटरसमोर खुर्च्या जोडून बसली होती. काकूंनी घरी भेळ केली होती आणि कागदाच्या पुड्यांत भरली होती. एक पुडा माझ्या हातात आला. पडद्यावर तळ्याकाठी, आप्पांच्या दारासमोर, भेळेचा गाडा उभा होता. गाड्यामागं अस्वल. पुढं पांढऱ्या टोपीचं बाहुलं आणि त्याच्या शेजारी हिरव्या लुगड्यातलं एक नवीन बाहुलं.

गाडा चांगला हातभर रस्त्यात आला होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, आप्पा, हे तात्पुरतं की कायमचं?

“गप भेळ खा,” आप्पा म्हणाले.

काकू पडद्याकडं बघत होत्या. पुडा हातात तसाच होता, एक घास खाल्ला नव्हता. गाड्यावर आप्पांनी सांगितल्याप्रमाणं मार्टिननं गॅसबत्ती लावली होती आणि तिचा पिवळा उजेड दोन्ही बाहुल्यांवर पडला होता. आप्पांनी कळ दाबून आपलं बाहुलं गाड्याच्या अगदी जवळ नेलं.

“बघ की, सतीश,” काकू हळू आवाजात म्हणाल्या, “हे येवढं जवळ गेलं, तरी बत्ती विझली न्हाय.”